फळ्या घासताना

शास्त्रवाचन : 2 राजे 12:4-15 व 2 इतिहास 24:4-22



योवाश राजा वयाच्या सातव्या वर्षी यहूदाच्या गादीवर बसला व त्याने यरुशलेमेत चाळीस वर्षे राज्य केले. एवढ्या दीर्घ कारकिर्दीतून शास्त्रलेखकाने विस्ताराने नोंदवून ठेवलेली गोष्ट कोणती? मंदिराच्या दुरुस्तीची. शलमोनाने बांधलेले ते मंदिर त्या काळी शंभराहून अधिक वर्षांचे झाले होते. त्यात अथल्येच्या मुलांनी त्याची नासधूस करून ठेवली होती. राजाने याजकांना सांगितले की, लोकांकडून येणारा पैसा घ्या आणि जेथे मोडतोड दिसेल तेथे डागडुजी करा. परंतु राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी मोडतोड होती तशीच होती.

नवल हे की, या काळात मंदिर बंद नव्हते. याजक आपापल्या पाळीप्रमाणे येत होते, लोक येत होते, पैसाही येत होता. जे रोज डोळ्यांसमोर असते ते काही दिवसांनी दिसेनासे होते, हा मनुष्यस्वभावच आहे.

शेवटी यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीच्या उजव्या बाजूस ठेवली. जमलेला पैसा सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या हाती जाऊ लागला. त्यातून लाकूड आणि घडीव दगड विकत घेतले गेले. येथे शास्त्र दोन बारकावे सांगते. त्या पैशातून चांदीचे पेले, कटोरे किंवा कर्णे केले नाहीत, हा एक; आणि काम करवून घेणाऱ्यांकडे कोणी हिशेब मागितला नाही, कारण ती माणसे सचोटीने वागत होती, हा दुसरा. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात आणखी एक माहिती मिळते : दुरुस्ती पुरी झाल्यावर जो पैसा उरला त्यातून मंदिरासाठी पात्रे करण्यात आली. म्हणजे पात्रांना मनाई नव्हती, पण आधी मोडतोडीची दुरुस्ती आणि मग चांदी, असा क्रम ठरलेला होता.

हा शास्त्रभाग आम्ही सोनागिरीकरांनी यंदा थोडा वेगळ्या रीतीने अभ्यासला : गुडघे टेकून, हातात पॉलिश पेपर घेऊन.

आमचा चौथरा

सोनागिरी म्हटले की पुष्कळांना दतियाजवळचे जैन तीर्थ आठवते. आमचे सोनागिरी ते नव्हे. ही भोपाळच्या पूर्वेकडची, पिपलानीजवळची वसाहत; भेलच्या कारखान्याच्या परिसरात वाढलेली. हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी 1956 साली स्थापन झाली. 6 नोव्हेंबर 1960 रोजी पंडित नेहरूंनी भोपाळचा कारखाना राष्ट्राला अर्पण केला आणि 1974 मध्ये ती कंपनी भेलमध्ये विलीन झाली. त्याच 1956 सालच्या 1 नोव्हेंबरला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मराठी माणसे बिऱ्हाड घेऊन इकडे आली. आमच्या लहानशा मराठी मंडळीची मुळे या दोन वाटांनी येथवर पोहोचली आहेत.

येथे लाकडी जमीन कोणाच्या घरी नाही. जुन्या घरांत कोटा फरशी किंवा मोझेक, नव्या घरांत टाइल्स. आमच्या पायांखाली लाकूड येते ते एकाच ठिकाणी, म्हणजे उपासनागृहातील व्यासपीठाच्या चौथऱ्यावर. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, सागवानी फळ्यांचा. मध्य प्रदेशात सागवानाला तोटा नाही. सातपुड्यातील बोरीचे सागाचे जंगल तर सरकारने 1865 सालीच राखीव केले होते. आमच्या फळ्या नेमक्या कोठून आल्या हे सांगणारे कोणी उरले नसले, तरी लाकूड अस्सल आहे. शलमोनाच्या मंदिरातही आतली जमीन फळ्यांचीच होती, देवदारूच्या फळ्यांची. 1 राजे 6:15 पाहावे.

चौथरा झिजला होता. व्यासपीठामागे उपदेशक उभा राहतो तेथे दोन पावलांएवढे खळगे पडले होते. प्रभुभोजनाच्या मेजासमोरच्या फळ्यांचा रंग उडाला होता. दर दोन-तीन वर्षांनी नाताळाच्या आधी कोणीतरी डबाभर वॉर्निश आणून वरून फासत असे. खालची धूळ, मेणाचे थेंब, जुने वॉर्निश, सारे त्यातच बंद. त्यामुळे चौथरा जानेवारीपर्यंत चमके आणि पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटत.

आता काय करावे, यावर दोन मते पडली. एका बंधूने वरून टाइल्स बसवून देण्याची तयारी दाखवली. सोबत नावाची एक लहान पाटी असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. दुसऱ्यांचे म्हणणे की, फळ्या भक्कम आहेत, त्या घासून पुन्हा पॉलिश करू. वाद वरवर फळ्यांचा होता. आत निराळाच होता. मराठी उपासना चालू ठेवावी की मुलांसाठी हिंदी करावी, या प्रश्नावरून दोन घरांत वर्षभर बोलणे बंद होते. इतके की, प्रभुभोजनाच्या दिवशी एकाच्या हातून दुसरा ताट घेत नसे. बाकाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसे. आणि हे सारे त्या चमकत्या वॉर्निशसमोर चाले.

शेवटी घासायचे ठरले. सात जण पुढे आले : एक निवृत्त फिटर, एक परिचारिका, संडे स्कूलच्या दोन शिक्षिका, कॉलेजातील दोन मुले आणि आम्ही. सुतार एकही नाही. वसाहतीतील एका मिस्त्रींनी पहिल्या दिवशी दोन तास येऊन काम समजावून दिले. त्या दोन गटांतील माणसे या सातांत होती, हेही सांगून ठेवतो.

1. आधी उघडे करावे लागते

मिस्त्रींनी प्रथम पॉलिश पेपरला हात लावू दिला नाही. इकडे त्याला रेगमाल म्हणतात. ते म्हणाले, आधी खिळे पाहा. फळीच्या वर डोके काढलेला एक खिळा राहिला तरी तो कागद टरकावतो आणि यंत्राचा पट्टाही फाडतो. म्हणून प्रत्येक खिळा पंच लावून लाकडाच्या पातळीखाली ठोकला. हलणाऱ्या फळ्या आवळल्या. फळी अस्सल आहे की वर पातळ लाकूड चिकटवलेला प्लाय, हेही पाहिले. कारण पातळ थर यंत्राखाली क्षणात निघून जातो. जुना रंग असेल तर आणखी जपावे लागते. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा लागू झाली ती 2017 च्या नोव्हेंबरात. असा रंग कोरडा घासला तर विषारी धूळ उडते. आमच्याकडे रंग नव्हता, वॉर्निश होते; तरी लाकडाची धूळही फुप्फुसाला वाईटच, म्हणून नाकातोंडावर मास्क आणि लहान मुले बाहेर.

हे सारे काम दिसत नाही. दोन संध्याकाळी गेल्या आणि चौथरा पूर्वीपेक्षा कुरूप दिसू लागला. वाचकहो, पश्चात्तापाचेही असेच नाही काय? स्तोत्र 51 मध्ये दावीद वरवरची चमक मागत नाही. देवाला अंतर्यामीचे सत्य आवडते, हे त्याने ओळखले आहे. यहेज्केल संदेष्ट्याने 13 व्या अध्यायात अशा लोकांना दोष दिला की, जे कच्च्या भिंतीला वरून गिलावा करतात. पाऊस आला की भिंत आणि गिलावा दोन्ही जमीनदोस्त. आमचे नाताळचे वॉर्निश त्याच जातीचे होते. भांडण मिटल्याचे जाहीर करणे सोपे आहे. वर डोके काढून बसलेला खिळा कोणता, हे शोधून काढणे कठीण आहे.

2. क्रम मोडू नये

पॉलिश पेपरच्या मागे आकडा छापलेला असतो. आकडा जितका लहान तितका कागद खरखरीत. जितका मोठा तितका मऊ. जुने वॉर्निश काढण्यास आम्ही 60 नंबरपासून सुरुवात केली, मग 80, मग 120. मधला मोठा भाग भाड्याच्या बेल्ट सँडरने, कडा आणि कोपरे हातांनी. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवे घासले की ओरखडे उठतात. यंत्र चालू ठेवून एका जागी थांबायचे नाही, नाहीतर तेथे खळगा पडतो. दोन नंबरांच्या मध्ये सगळी धूळ झाडून, पुसून घ्यायची. कारण आधीच्या कागदाचा एक खरखरीत कण राहिला तरी तो मऊ कागदाखाली सापडून नवा ओरखडा काढतो.

नवख्याला मोह होतो की, 60 नंतर एकदम 120 घ्यावा. मधली एक संध्याकाळ वाचेल. मिस्त्रींनी याबद्दल बजावले होते. 60 चे ओरखडे 120 ने निघत नाहीत, नुसते झाकले जातात. कोरड्या लाकडावर ते दिसतही नाहीत. पॉलिशचा पहिला हात बसला की ते सारे एकदम उठून दिसतात आणि तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ते ओळखण्याची एक युक्ती आहे. फळीवर शिसपेन्सिलीने हलक्या रेघा ओढायच्या आणि त्या साऱ्या पुसल्या जाईपर्यंत घासायचे. शिवाय दिवा जमिनीलगत आडवा धरायचा. छतावरच्या ट्यूबलाइटखाली गुळगुळीत भासणारी फळी त्या आडव्या उजेडात आपले सगळे दोष दाखवते.

स्तोत्र 139 च्या शेवटी स्तोत्रकर्ता देवाला आपले अंतःकरण पारखून पाहण्याची विनंती करतो. तो असा आडवा दिवा मागतो आहे. आणि मत्तय 5:23-24 मध्ये प्रभूने क्रम सांगितला आहे : वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. आम्ही ही मधली पायरी गाळतो. हस्तांदोलन करतो, गीत गातो, प्रार्थना करतो. ओरखडा मात्र खाली राहतो आणि पुढच्या वार्षिक सभेत, पहिला हात बसताच, वर येतो.

3. किती घासावे?

येथे एक सावधगिरीची गोष्ट आहे. फळीची जाडी मर्यादित असते. प्रत्येक घासणीत थोडे लाकूड कायमचे जाते. ते पुन्हा आणता येत नाही. उपदेशकाच्या पावलांचे खळगे पूर्ण सपाट करायचे तर आजूबाजूची सारी जमीन तेवढी उतरवावी लागली असती आणि फळ्या पातळ होऊन गेल्या असत्या. मिस्त्री म्हणाले, राहू द्या. कडा मऊ करा, मैल काढा, पण खड्डा राहू द्या.

संडे स्कूलच्या शिक्षक-शिक्षिकांनी ही गोष्ट मनात धरावी. मूल खोटे बोलले, वर्गात दंगा केला, गृहपाठ केला नाही. आपण प्रत्येक वेळी 60 नंबर हाती घेतो काय? काही डाग ओल्या फडक्याने निघतात. इब्री 12:11 सांगते की, कोणतीही शिक्षा तत्काळ आनंदाची वाटत नाही, पण मागाहून ती शांतीचे फळ देते. हे खरे, परंतु यशया 42:3 मधील सेवक चेपलेला बोरू मोडत नाही, हेही तितकेच खरे. मुलाचे मन आपल्या हाती मोजक्या जाडीचे दिले आहे.

आणि झिजेची लाज कशाला? ज्या भागावर कोणी कधी उभे राहिले नाही, तो भिंतीलगतचा कोपरा न झिजता राहिला होता. झिजली ती जागा, जेथे कित्येक वर्षे कोणीतरी उभे राहून वचन सांगितले. पुनरुत्थित प्रभूच्या गौरवी देहावरही खिळ्यांचे वण राहिले. थोमाने ओळखले ते त्यांवरूनच. देव नवे करतो, तेव्हा जुन्या जखमांची साक्ष पुसून टाकत नाही.

4. त्याच लाकडाचा भुसा

फळ्यांत भेगा होत्या. भोपाळचा मे महिना लाकूड आकसवतो आणि पावसाळा ते फुगवतो. म्हणून आम्ही हे काम पाऊस सरल्यावर, हवा कोरडी असताना घेतले. भेगा भरण्यासाठी बाजारात तयार लांबी मिळते. मिस्त्रींनी मात्र यंत्राच्या पिशवीत साठलेला भुसा जपून ठेवायला सांगितला होता. तो बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून लहान भेगांत दाबला, वाळला, पुन्हा घासला. रंग जुळला, कारण लाकूड तेच होते. रुंद, हलत्या फटी मात्र तशाच सोडल्या. फळ्यांना श्वास घ्यायला जागा लागते, त्या गच्च भरल्या तर पावसाळ्यात भर बाहेर फेकली जाते.

मंडळीच्या भेगाही बाहेरून आणलेल्या मालाने भरत नाहीत. मोठे वक्ते बोलवावेत, सभा भरवावी, टाइल्स घालाव्यात, याने भेग झाकते. भरते ती आपल्याच माणसांनी, जी थोडी घासली गेली आहेत, ज्यांच्या अहंकाराचा भुसा झाला आहे, अशांनी. आणि सगळ्या फटी भरण्याचा हट्टही नको. मराठी की हिंदी, या प्रश्नावर दोन मते पुढेही राहतील. ती हलती फट आहे. तिला जागा ठेवावी.

मग पॉलिश. लाखेपासून चपडा करतात आणि तो स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात, ते फ्रेंच पॉलिश कपाटाला, खुर्चीला शोभते. पण पाणी सांडले की त्यावर पांढरे डाग पडतात. पायाखालच्या लाकडाला अधिक टणक थर हवा, म्हणून पीयू घेतले. तीन पातळ हात दिले. एक जाड हात लवकर होतो, पण नीट वाळत नाही. दोन हातांच्या मध्ये 220 नंबरने हलकेच घासून धूळ पुसली. सुरुवात आतल्या कोपऱ्यातून, शेवट पायरीपाशी, नाहीतर रंगवणाराच मध्ये अडकतो! कोणी जवसाचे तेल वापरत असेल तर एक इशारा : तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत. मनात बोळा करून ठेवलेल्या रागाचेही तेच होते.

योवाशाचे अंगण

आता पुन्हा योवाशाकडे येऊ. कारण त्याची गोष्ट दुरुस्तीवर संपत नाही आणि आपण बहुधा ती तेथेच संपवतो. यहोयादा म्हातारा होऊन मरण पावला. मग यहूदाचे सरदार राजाकडे आले, त्यांनी मुजरा केला आणि राजाने त्यांचे ऐकले. जे मंदिर त्याने दुरुस्त केले त्याकडेच लोकांनी पाठ फिरवली. तेव्हा यहोयादाचा मुलगा जखऱ्या उभा राहिला आणि त्याने देवाचे वचन स्पष्ट सांगितले. राजाच्या हुकुमाने त्याला दगडमार करून ठार केले. कोठे? परमेश्वराच्या मंदिराच्या अंगणात. ज्या घराच्या मोडतोडीसाठी या राजाने पेटी ठेवली, त्याच घराच्या अंगणात त्याने आपल्या उपकारकर्त्याच्या मुलाचे रक्त सांडले.

मत्तय 23 मध्ये प्रभू येशू चुना लावलेल्या कबरांविषयी बोलतो आणि त्याच भाषणात थोड्या वेळाने मंदिर व वेदी यांच्यामध्ये मारल्या गेलेल्या जखऱ्याचे नाव घेतो. वरून चुना, आत हाडे; दुरुस्त मंदिर, अंगणात रक्त. नाझरेथात ज्याला लोक सुतार म्हणून ओळखत, त्याला लाकडाची वरची बाजू आणि आतली बाजू यांतला फरक कोणी शिकवायला नको होता.

योवाशाचे चुकले कोठे? यहोयादा जिवंत होता तोवर तो नीट वागला. दुरुस्ती घराची झाली. ती राजाच्या अंतःकरणापर्यंत पोहोचली नाही. आमच्यापुढचा प्रश्न नेमका हाच आहे. आमचा चौथरा आता सुंदर दिसतो, येणारे-जाणारे वाखाणतात. घासताना त्या दोन घरांतील माणसे एकाच फळीच्या दोन टोकांना बसली होती. कागद द्या, दिवा जरा इकडे धरा, एवढेच त्यांचे बोलणे झाले. पण वर्षभरात तेवढेही झाले नव्हते. समेट झाला असे आम्ही येथे लिहिणार नाही, कारण तो अजून झालेला नाही. आम्ही कदाचित 60 नंबरवर आहोत. पुढे 80 आहे, 120 आहे, आणि मधली एकही पायरी गाळायची नाही. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी त्या नव्या फळ्यांवरून ताट फिरेल, तेव्हा कोण कोणाच्या हातून ते घेतो, यावरून आमच्या कामाची पारख होईल.

वाचकहो, आपल्या मंडळीतही असा एखादा चौथरा असेल, किंवा असे दोन बाक. नाताळ जवळ आला की वॉर्निशचा डबा आणण्याआधी खिळे शोधावेत. दिवा आडवा धरावा. आणि कोणाला पाटीवर नाव हवे असेल तर त्याच्याशी प्रेमाने बोलावे; योवाशाच्या मंदिरात काम करणाऱ्या एकाही सुताराचे नाव शास्त्रात नाही, पण ती माणसे सचोटीने वागली, हे मात्र लिहून ठेवलेले आहे.

प्रार्थना : हे प्रभो, तू सुताराच्या घरी वाढलास, लाकूड कसे हाताळावे हे तुला ठाऊक आहे. आमच्यात जे वर डोके काढून बसले आहे ते खाली बसव. आमचा मैल काढ, पण आम्हाला मोडू नकोस. ज्या भावाशी आम्ही बोलत नाही त्याचे नाव आम्हाला आठवू दे, आणि तुझ्या मेजापाशी येण्याआधी त्याच्या दारी जाण्याचे बळ दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.